न लिहिलेल्या ओळी

महाल, नागपूर
मारबतीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. एक्सएसएलटीनं (एक्सएमएल फाइलचं दुसऱ्या रूपात पान करून देणारी भाषा) बनवलेल्या तुझ्या बिलाच्या पानावर खाली 'साहेबांना विचारून सूट देणे' असं काहीबाही उमटतंय आणि तू सगळी टेम्प्लेट्स (कुठल्या टॅगचं काय करायचं ते सांगणारे नियम) तीनदा वाचलीस तरी ते कुठून येतं ते सापडेना. अबे, सापडेल कसं? ती ओळ तू लिहिलेलीच नाहीस.

माझी फजिती ऐक. इथल्या एका वाचनालयाची पुस्तकयादी एक्सएमएलमधून (माहिती टॅगांमध्ये बांधून ठेवलेली फाइल) एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानात, करून द्यायची होती. टॅगची नावं मुद्दाम मराठीत ठेवली: पुस्तक, नाव, लेखक, कपाट, शेरा. (एक्सएमएलला देवनागरी टॅग चालतात, आपणच उगाच बिचकतो.) नाव आणि लेखक यांची टेम्प्लेट्स लिहिली. बाकीचं दाखवायचं नव्हतं म्हणून त्याबद्दल काही लिहिलंच नाही. पान उघडलं, तर नाव-लेखकाच्या खाली: 'कपाट ४ फळी २ पान ८१ ते ८४ गायब, सभासदाला दोनदा निरोप धाडला, दार उघडत नाही.' हे जगजाहीर झालं असतं तर त्या सभासदानं दार नक्कीच उघडलं असतं, काठी घेऊन!

झालं काय होतं, तर एक्सएसएलटीमध्ये १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच काही नियम आतून बसवलेले आहेत. एखाद्या टॅगला तू टेम्प्लेट दिलं नाहीस तर तो टॅग गाळला जात नाही. प्रोसेसर, म्हणजे ही टेम्प्लेट्स चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या पोटात शिरतो, आणि तिथं मजकूर सापडला की तो जसाच्या तसा छापतो. 'लिहिलं नाही म्हणजे येणार नाही' ही आपली समजूत, त्याची उलटी. मला संशय आला तो वेगळ्याच गोष्टीवरून. नोंद क्रमांक मी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या कंसातच लिहिलेल्या माहितीत) ठेवला होता आणि तेवढाच छापून येत नव्हता. नुसतं अप्लाय-टेम्प्लेट्स (आतल्या गोष्टींना त्यांची टेम्प्लेट्स लाव, ही आज्ञा) म्हटलं की प्रोसेसर मुलांकडे, म्हणजे आतल्या टॅग-मजकुराकडे, जातो, अ‍ॅट्रिब्यूटकडे जात नाही. म्हणजे कुणीतरी शिस्तीत टॅगांच्या झाडावरून खाली उतरत होतं.

खात्री करायची तर एकच पुस्तक ठेवून छोटी फाइल कर आणि प्रत्येक टेम्प्लेटच्या सुरुवातीला-शेवटाला एकेक खूण छाप. जो मजकूर कुठल्याच टेम्प्लेटच्या थेट पोटात बसत नाही, तो आतल्या नियमांचा. माझं पाचच मिनिटांत उमगलं. त्याआधी तीन तास गेले होते, ते सोड.

इथं मी शहाणपणा केला. प्रत्येक मजकूर-नोडसाठी (टॅगांमधल्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी) एक रिकामं टेम्प्लेट ठोकून दिलं. कचरा गेला, पण पुस्तकांची नावंही गेली, कारण ती मी अप्लाय-टेम्प्लेट्सनंच आणत होतो. तिथं व्हॅल्यू-ऑफ (टॅगमधला मजकूर सरळ छापणारी आज्ञा) लावलं, पान देखणं दिसायला लागलं, मी खूश.

काल वाचनालयानं नव्या सॉफ्टवेअरमधून काढलेली यादी पाठवली. पान कोरं. खाली रस्त्यावर मारबतीची मिरवणूक चाललेली, ढोल-ताशे, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गलका, आणि मी वर कोऱ्या पानाकडे बघत बसलेलो. माझी पीडा आधीच निघून गेली होती आणि जाताना घरातली भांडीही घेऊन गेली होती.

नव्या फाइलच्या मूळ टॅगवर एक डिफॉल्ट नेमस्पेस (टॅगांच्या नावांना आपोआप लागणारं आडनाव) चिकटली होती. दिसायला 'पुस्तक' तेच, पण पूर्ण नाव बदललं, त्यामुळे माझं एकही टेम्प्लेट जुळेना. ते रिकामं टेम्प्लेट नसतं तर सगळी यादी सलग ओकून निघाली असती आणि एका नजरेत कळलं असतं की काहीच जुळत नाहीये. मीच आरडाओरडा करणाऱ्याचं तोंड दाबून ठेवलं होतं. तीच नेमस्पेस स्टाइलशीटमध्ये (टेम्प्लेट्सच्या फाइलमध्ये) एक प्रीफिक्स (नावाआधी लावायची छोटी खूण) देऊन जाहीर केली आणि प्रत्येक मॅच (टेम्प्लेट कशाला लागू), प्रत्येक सिलेक्टमध्ये (काय निवडायचं) तो प्रीफिक्स लावला, तेव्हा गाडी हलली. (स्टाइलशीटला नुसती डिफॉल्ट नेमस्पेस देऊन एक्सएसएलटी १.० मध्ये भागत नाही, तेही करून पाहिलं.) मग ती घोषणा एचटीएमएलच्या टॅगवर उमटायला लागली; ती एक्स्क्लूड-रिझल्ट-प्रीफिक्सेसनं काढली.

म्हणून तुला सांगतो, सरसकट गप्प करू नकोस. बिलाच्या टेम्प्लेटमध्ये नुसतं अप्लाय-टेम्प्लेट्स न लिहिता जे हवं तेच सिलेक्टमध्ये माग. फक्त एक ध्यानात ठेव: उभ्या रेघेनं दोन-तीन नावं जोडलीस तर ती तुझ्या क्रमानं येत नाहीत, मूळ फाइलमधल्या क्रमानं येतात. 'रक्कम' आधी हवी असेल तर तिला वेगळी ओळ दे. मधल्या रिकाम्या ओळींचं म्हणशील तर स्ट्रिप-स्पेस (नुसत्या रिकाम्या जागेचे तुकडे गाळणारी आज्ञा) लाव, त्यात फार डोकं घालू नको. २०१७ च्या एक्सएसएलटी ३.० मध्ये टेम्प्लेट सापडलं नाही तर सरळ चूक दाखवून थांब असं सांगता येतं, पण आपण दोघं वापरतो तो प्रोसेसर, एक्सएसएलटीप्रॉक, १.० च्या पुढे जात नाही.

एवढ्यानं नाही सुटलं तर एका बिलाची फाइल धाड, सोबत स्टाइलशीट. गिऱ्हाइकाचा खातेक्रमांक तेवढा आधी खोड.

तुझा,
पक्या