विजू, आधी ती बंद केलेली गोळी

लोकमान्य नगर, इंदूर

प्रिय विजू,

परवा फोन ठेवल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. तू बोलता बोलता म्हणालीस की कोलेस्टेरॉलची गोळी महिनाभरापासून बंद केलीये, पाय दुखायचे म्हणून, आता सगळं नॅचरल घेतेय, आणि लगेच नातवाच्या मुंजीच्या गोष्टीवर गेलीस, मला मध्ये बोलायला सुचलंच नाही. अगं तुझ्या मानेच्या डॉपलरमध्ये, त्या धमनीच्या सोनोग्राफीत, प्लाक म्हणजे चरबीचा थर दिसलाय ना, मग गोळी बंद करायला कुणी सांगितलं? डॉक्टरांनी सांगितलं असेल तर माझं पुढचं सगळं सोडून दे. पण तुझ्या आवाजावरून मला तसं वाटलं नाही.

तू पाठवलेले पाचही बाटल्यांचे फोटो मी मोठे करून वाचले, मागचं बारीक अक्षर पण. पुढे "ब्लड व्हेसल सपोर्ट" वगैरे मोठ्या अक्षरात, आणि मागे कोपऱ्यात "नॉट फॉर मेडिसिनल यूज". हे छापावंच लागतं त्यांना, सप्लिमेंटचे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचे, नियमच तसे आहेत. आता ज्याच्यावर औषध म्हणून वापरू नका असं लिहिलंय त्याच्यासाठी आपण खरं औषध बंद केलं, हे बघ एकदा शांतपणे.

मी ह्या विषयात इतकी का शिरते तुला माहीत नाही, कारण आईचं तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. हृदयाचा व्हॉल्व्ह बदलल्यापासून आई ऍसिट्रॉमवर आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी, दर महिन्याला आयएनआर तपासायचा, म्हणजे रक्त पुरेसं पातळ आहे ना ते बघायचं. एका मेडिकलवाल्याने हाडांसाठी आणि "नसांत कॅल्शियम जमू नये म्हणून" एक कॅप्सूल दिली, त्यात व्हिटॅमिन के-टू होतं. मी स्वतः रोज सकाळी दुधाबरोबर तिला देत होते. ऍसिट्रॉम काम करते तीच व्हिटॅमिन के अडवून, म्हणजे एका हाताने गोळी देतेय आणि दुसऱ्या हाताने तिचा असर काढून घेतेय. आयएनआर घसरून 1.4 वर आला. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलंय, मी म्हटलं काही नाही, फक्त व्हिटॅमिन. ते "फक्त" अजून आठवतं मला. व्हॉल्व्हवर गाठ झाली असती तर? त्या दिवसापासून घरात एकही बाटली न वाचता येत नाही.

के-टूची थिअरी चांगलीये हं, खोटी नाही. आपल्या शरीरात एक प्रोटीन असतं जे नसांच्या भिंतीत कॅल्शियम बसू देत नाही आणि ते चालू व्हायला व्हिटॅमिन के लागतं. पण डेन्मार्कमध्ये 365 म्हाताऱ्या पुरुषांना दोन वर्षं के-टू आणि डी देऊन पाहिलं, त्यांच्या हृदयातल्या व्हॉल्व्हवरचं कॅल्शियम वाढायचं काही थांबलं नाही. 2022 सालची गोष्ट. थिअरी एक आणि माणसावर होणं वेगळं.

आता तुझ्या बाटल्या. सगळ्यात आधी ती लाल तांदुळाची, रेड यीस्ट राइस, जी तू गोळीच्या जागी घेतेयस. विजू, त्यात मोनॅकोलिन के नावाचं जे असतं ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, तुझ्या बंद केलेल्या गोळीच्याच जातीचं, स्टॅटिनच आहे ते! म्हणजे तू स्टॅटिन सोडून स्टॅटिनच घेतेयस, फरक इतकाच की कुठल्या बाटलीत किती आहे ते कुणी मोजून देत नाही. पाय दुखायचे असतील तर ह्यानेही दुखू शकतात. आणि उद्या तुझी जुनी गोळी परत चालू झाली आणि हीपण चालूच राहिली तर डबल होईल, म्हणून ही आधी बाजूला काढ.

लसणाची कॅप्सूल आणि फिश ऑइल ह्या दोन्हींचं उत्तर त्याच एका अभ्यासात मिळतं जो मी तुला मुद्दाम सांगतेय. 2022 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकवाल्यांनी 190 लोक घेतले, काहींना रोसुवास्टॅटिनचा अगदी छोटा 5 एमजी डोस, काहींना औषध नसलेली नुसती खोटी गोळी, आणि बाकीच्यांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल किंवा हेच रेड यीस्ट राइस. 28 दिवसांनी स्टॅटिनवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ 38 टक्के उतरलं. बाकी सहाच्या सहा खोट्या गोळीपेक्षा काही जास्त करू शकल्या नाहीत, लसणाचं तर थोडं वाढलंच. हो, पैसा रोसुवास्टॅटिनच्या कंपनीचाच होता आणि 28 दिवस म्हणजे काही फार नाही, तू हे विचारशीलच म्हणून आधीच सांगते. पण स्टॅटिनने अटॅक कमी होतात हे इतक्या वर्षांच्या इतक्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय की ते ह्या एकावर टेकलेलं नाही.

फिश ऑइलचं मात्र नीट समजून घे कारण त्यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्याचीच जाहिरात होते. 2018 मध्ये 8,179 लोकांवर एक ट्रायल झाली, त्यात रोज 4 ग्रॅम शुद्ध ईपीए, म्हणजे माशाच्या तेलातलं एक ओमेगा-3, दिलं आणि अटॅक-स्ट्रोक वगैरे 25 टक्के कमी झाले. पण ते सगळे आधीच स्टॅटिनवर होते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले होते, आणि औषध प्रिस्क्रिप्शनचं. तुझ्या बाटलीवर लिहिलंय 1000 एमजी, पण मागे वाच, ईपीए फक्त 180. म्हणजे तितका डोस हवा तर रोज 22 कॅप्सूल. त्याच वर्षी जवळपास 26 हजार निरोगी लोकांना रोज एकच कॅप्सूल देऊन पाहिली, तर खास फरक नाही, आणि 2020 मध्ये ईपीए आणि डीएचए (तेलातलं दुसरं ओमेगा-3) मिळून 4 ग्रॅम दिलं तरी फायदा दिसला नाही. वरून मोठ्या डोसने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. मासे खाणारं घर असतं तर आठवड्यातून दोनदा खा म्हटलं असतं, पण तुमच्याकडे ते व्हायचं नाही.

आता एल-आर्जिनिन, आणि इथे जरा थांब. ही तू भावजींना पण देतेयस ना?

नसेच्या आत एका पेशीइतकं पातळ अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि नस सैल पडते. ह्याचं 1998 साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट पण ह्याच वाटेने काम करते. आर्जिनिनपासून शरीर हे नायट्रिक ऑक्साइड बनवतं म्हणून कागदावर फार छान वाटतं. पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 153 लोकांना हे देऊन पाहिलं, तर आर्जिनिन घेणाऱ्यांतले सहा जण गेले आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतलं कुणीच नाही. ट्रायल मध्येच थांबवली, 2006 मध्ये छापून आलं. भावजींना अटॅक येऊन दोनच वर्षं झालीयेत, विजू. ती बाटली घरातच ठेवू नकोस, हात जोडते. आणि इकोस्प्रिनबरोबर, म्हणजे त्यांच्या ऍस्पिरिनच्या गोळीबरोबर, लसणाच्या कॅप्सूलही त्यांना नको, रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतला लसूण खुशाल चालू दे.

पाचवी, पायाच्या नसांची, डायोस्मिन 450 आणि हेस्पेरिडिन 50 वाली, ती मला खरं तर ठीक वाटते. पण ती शिरांची आहे, पोटरीवरच्या निळ्या फुगलेल्या, पाय जड होणं आणि सूज ह्याला आराम देते. मानेतली धमनी वेगळी, तिथल्या प्लाकशी हिचं काही घेणंदेणं नाही. आपण दोन्हीला नस म्हणतो ना, तिथेच दुकानदाराचं फावतं. हृदयाकडून रक्त नेणारी धमनी, परत आणणारी शीर, बीपी, कोलेस्टेरॉल, गाठ होणं, ही पाच वेगळी कामं आहेत, बाटलीने नक्की कुठलं काम केलं ते विचारायचं.

मग काहीच घ्यायचं नाही का, तर तसं नाही. बीट खा, पालक खा. त्यातलं नायट्रेट जिभेवरचे जिवाणू बदलतात आणि पुढे त्याचं तेच नायट्रिक ऑक्साइड होतं, बीटच्या रसाने बीपी थोडं खरंच उतरतं. फक्त ते जंतुनाशक माउथवॉश रोज वापरतेस ते बंद कर, त्याने तेच जिवाणू मरतात. (मुतखडा झालेल्यांनी बीट-पालक जपून, पण तुला तो त्रास नाही.)

आणि जवस! हे वाचून मला इतका आनंद झाला होता की ओट्यावर बसून आईला वाचून दाखवलं. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या 110 लोकांना कॅनडात सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस खाण्यातून दिलं, वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा साधारण 10 ने कमी राहिलं. 2013 चं आहे. आपल्या आज्या जी चटणी करायच्या ना, तेच. पण 30 ग्रॅम म्हणजे चार मोठे चमचे, ताटातली चिमूटभर नाही, आणि चटणीतून तेवढं खाल्लं तर मीठ-तिखटच पोटात जाईल. म्हणून मी बिनमिठाचं भाजून ठेवते, मिक्सरला आठवड्यापुरतंच फिरवते कारण लवकर खवट होतं, आणि कणकेत, ताकात, पोह्यांवर जिरावन मसाल्याच्या आधी घालते. अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, दळूनच. एक चमच्याने सुरुवात कर, पाणी जास्त पी, नाहीतर पोट धरतं. गोळ्यांसोबत लगेच नको, तासा-दोन तासांचं अंतर ठेव.

सियागंजमधून दोन किलो आणलंय, आज भाजते. भाचा शुक्रवारी शांती एक्सप्रेसने बडोद्याला येतोय, दांडिया बाजारात घरी आणून देईल, सोबत तुझ्यासाठी थोडी चटणीपण आहे, कमी मिठाची.

पण विजू, उद्या सकाळी दवाखाना उघडला की आधी डॉक्टरांना फोन. पाय दुखतात हे स्पष्ट सांग, लाजू नकोस, ते डोस कमी करतील, गोळी बदलतील, सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा होतेय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, करतील, रस्ते आहेत. पाचही बाटल्या पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेव, भावजींच्या गोळ्यांचा कागद पण. मी दुपारी एक वाजता फोन करते, तेव्हा ते काय म्हणाले तेवढंच सांग, मुंजीचं नंतर.

आईचा आशीर्वाद. तिचा आयएनआर ह्या महिन्यात 2.6 आहे.

तुझीच,
नंदा