मारेकऱ्यांना मिळालेली सहानुभूती

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला जपानच्या लष्करशाहीवरचा लेख वाचला, पण सगळा दोष फक्त जनरल लोकांवर टाकलाय ते पटलं नाही, सामान्य लोकांची साथही त्यात यायला हवी होती. १५ मे १९३२ ला तरुण नौदल अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशींना सरकारी निवासस्थानात घुसून गोळ्या घातल्या, ७६ वर्षांचा म्हातारा माणूस हो, बोलून बघू म्हणत होता, आणि खटला चालला तेव्हा मारेकऱ्यांसाठीच लोकांचे दयेचे अर्ज आले, काहींनी तर रक्ताने सह्या केल्या! फाशी एकालाही झाली नाही. चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, टोकियोत सैनिकांचं बंड झालं आणि लष्कराच्या खर्चाला आवर घालू बघणारे अर्थमंत्री ताकाहाशी मारले गेले.

– एक वाचक, नाशिक