अमोलच्या श्वासाविषयी

नाशिक

प्रिय सुहास,

"अमोल आता कायम मशिनवरच का रे?" असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितोय.

त्याला इजा झालीये मानेत अगदी वर, दुसऱ्या मणक्याशी. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू (डायफ्रॅम), हलवणारी फ्रेनिक नस निघते त्याच्या खालून, मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून. मेंदूचा निरोप वाटेतच अडतो, पण ती नस आणि पटल शाबूत असू शकतात. तसं असेल तर डायफ्रॅम पेसर उपयोगी पडतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पटलात बारीक तारा बसवतात. त्या कातडीतून बाहेर काढून एका छोट्या यंत्राला जोडतात. यंत्राने वीज सोडली की पटल आकसून खाली जातं आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर हवा ढकलतो, इथे छाती ती स्वतः घेते.

सुपरमॅनचं काम करणारा क्रिस्टोफर रीव्ह आठवतो? १९९५मध्ये घोड्यावरून पडून त्याची मान मोडली. २००३मध्ये क्लीव्हलंडला डॉ. रेमंड ऑन्डर्स यांनी त्याला हे बसवलं. हवा पुन्हा नाकातून जाऊ लागली आणि कित्येक वर्षांनी त्याला कॉफीचा वास आला. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. अमेरिकेत २००८मध्ये या यंत्राला मान्यताही मिळाली.

पण सुहास, पैशांची जुळवाजुळव करण्याआधी नसेची तपासणी करून घे. मानेत बाजूला हलकी वीज देऊन पटल हलतं का, ते सोनोग्राफीत बघतात. नसेचं मूळच मेलं असेल तर या तारांचा काही उपयोग नाही. "बसवून तर बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. ब्रिटनमध्ये एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाणारा आजार) रुग्णांवर हाच प्रयोग झाला, त्यात पेसर बसवलेले रुग्ण लवकर गेले. आजार वेगळा होता, हे खरं. तरी यंत्र कुणासाठी आहे, हे आधी ठरायलाच हवं.

बसवलं तरी व्हेंटिलेटर लगेच सुटत नाही. पडून राहिलेलं पटल वाळलेलं असतं, त्याला तासाला काही मिनिटं अशी सवय लावत न्यावी लागते. खोकल्याची ताकद यातून येत नाही, त्यामुळे सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, चालूच राहील. आणि व्हेंटिलेटर घरात तयार ठेवावाच लागेल. पण दिवसातले चार तास जरी तो नळीविना व्हीलचेअरवर अंगणात बसला, तरी मला ते फार मोठं वाटतं.

वहिनींना आणि काकूंना हे तूच समजावून सांग. तपासणीचा रिपोर्ट आला की लगेच पाठव, डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण दोघं बसून लिहून काढू. शनिवारी येतोच.

तुझा,
मिलिंद