ग्रुप सोडू नको बाई

बाळा,

ऑफर लेटर आलं, पगार वाढला, तुझ्या बाबांनी माझ्या मोबाईलवर ते दोनदा वाचलं आणि मग शेजारच्या काकांच्या घरी जाऊन सांगून पण आले, म्हणजे घरात सगळे खुश आहेत हे पहिले समजून घे. पण काल फोनवर तू जे बोलली ना, का पुण्याले गेल्यावर तो बीटीएसचा, म्हणजे त्या कोरियातल्या सात गाणाऱ्या पोरांच्या चाहत्या मैत्रिणींचा ग्रुप सोडून देते, त्यांचे फोटोकार्ड सगळे कोणाले तरी देऊन टाकते, आता सत्ताविसाव्या वर्षी शोभत नाही, नव्या ऑफिसात कोणी पाहिलं तर काय म्हणल, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. फोनवर मले नीट बोलता येत नाही, तुझ्या मागं कोणी ना कोणी बोलतच असते, म्हणून लिहून राहिली. लांबलचक होईल, निवांत वाच.

माझं माहेर लाखांदूर तालुक्यातलं, नदीच्या पलीकडं वडसा. आमच्याकडं दिवाळी झाली, धान कापून झाला का नाटकं सुरू. मंडई म्हणजे गावची जत्रा राहते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती राहतात आणि ज्या गावात पट त्या गावात रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, चारही जिल्ह्यात होळीपर्यंत हेच चालते. कंपन्या बहुतेक वडशाच्या, तिथं त्यांची ऑफिसं, गावातले लोक तिथंच जाऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात. मधात कोर्टानं पट बंद केला होता, २०१४ पासून थेट २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, तरी नाटकं काही थांबली नाही. ज्या गावात नाटक त्या गावात घरोघरी पाहुणे, किती जणांच्या सोयरिकी त्या पाहुणचारातच जुळल्या.

आम्ही चौघी मैत्रिणी. दुपारी जीप यायची भोंगा लावून, हिरो कोण, हिरोईन कोण, लावणीवाली कोण, सगळी नावं घ्यायची, आणि ती नावं ऐकूनच आमचं ठरायचं का आज काही झालं तरी जाचंच. कधी बैलबंडीनं, कधी कोणाच्या ट्रॅक्टरवर, कधी पायी, सोबत कोणाची तरी आई नाहीतर मोठा भाऊ. रात्री दहाले पडदा उघडला का पहाटे पाचपर्यंत. आमचं तिकीट जमिनीचं, खाली धानाची तणीस पसरलेली, वरून चौघीत दोन चादरी, आणि थंडी अशी का बोटं आखडून जायची पण उठून शेकोटीजवळ जाचं म्हटलं तर जागा जाते. विनोदी नट आला का सगळा मांडव हसायचा आणि आईच्या प्रवेशाले सगळा मांडव नाक पुसायचा. दुसऱ्या दिवशी धान चुरताना आम्ही तेच डायलॉग म्हणायचो, एक जण हिरोईन, एक जण सासू, आणि घरचे ओरडायचे का हात चालवा.

एका वर्षी आम्ही मध्यंतरात मांडवाच्या मागं गेलो होतो, नुसतं पाहाले. हिरोईन खुर्चीवर बसून चहा पिऊन राहिली होती, तोंडावर सगळा रंग, अंगावर शाल, पायात साधी स्लीपर. आमच्याकडं पाहून म्हणली, पोरींनो, सेफ्टी पिन आहे का कोणाजवळ, पदर सुटून राहिला. चौघींनी एकदमच हात घातला ब्लाऊजले. पिन कोणाची घेतली यावर आजही वाद आहे, आमच्यातलीच एक, तुझी साकोलीची मावशी, म्हणते माझी, मी म्हणते माझी, आणि पुढच्या प्रवेशाले ती स्टेजवर आली तेव्हा आम्ही नाटक पाहतच नव्हतो, तिच्या खांद्यावरची पिन पाहत होतो. त्या वर्षीची नाटकाची पांपलेटं मी वहीत चिकटवून ठेवली होती. तुझे फोटोकार्ड तू त्या प्लास्टिकच्या अल्बमात ठेवते ना, ते पाहिलं तेव्हा मले कोणी समजावून सांगाची गरजच पडली नाही का हे काय आहे.

मग लग्नं झाली. एक ब्रह्मपुरीले गेली, एक साकोलीले, एक वडशातच राहिली, मी इकडं. फोन नव्हते तेव्हा वर्षभर एकमेकीची खबर नसायची, पण हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या नाटकाले दोघी तरी भेटायचोच. आता तर ठरवूनच जातो, वर्षातून एक नाटक चौघींनी सोबत पाहाचं. कोरोनात तेवढं बंद होतं, बिचाऱ्या कलाकारांचे फार हाल झाले. आणि २०२३ च्या जानेवारीत परशुराम खुणे सरांले पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तुले आठवते का मी स्वयंपाक अर्धा टाकून फोनवर बोलत बसली होती? तीच ती कॉल. गडचिरोली जिल्ह्यातला माणूस, ५,००० च्या वर प्रयोग केलेले, आम्ही ज्याले तणसीवर बसून पाहिलं त्याचं नाव दिल्लीत घेतलं गेलं. वडशाची मावशी फोनवर चक्क रडली.

आता नोकरीचं सांगते, कारण तू नोकरीच बदलून राहिली. मी पतसंस्थेत होती तेव्हाचं तुले थोडं थोडं आठवत असल. सोबतच्या बाया चांगल्या होत्या, डबा सोबत, हळदीकुंकू सोबत, एकमेकीच्या घरचं सगळं माहीत. मग पगार लांबला, मग अर्धा झाला, मग एक दिवस शटरच खाली. ज्यांच्यासोबत रोज जेवली त्यांच्यातून नंतर एकीचाही फोन आला नाही, मी कोणाले दोष देत नाही, सगळ्याच अडचणीत होत्या आणि आमच्यात बोलाचं होतं ते कामाचंच होतं, काम गेलं तर बोलाचं काय. पण ब्रह्मपुरीच्या मावशीनं फोन केला तो नाटकाची तारीख विचाराले. माझ्या आवाजावरून ओळखलं तिनं. दोन दिवसांत पुन्हा फोन, का उमेदमध्ये, सरकारच्या त्या योजनेत, बचत गटांचं काम पाहाले बाई पायजे, तुले हिशोब येते, वह्या लिहिता येतात, उद्याच पंचायत समितीत जा. मी गेली. आज जे काम करून राहिली, तुझ्या हॉस्टेलचे पैसे ज्यातून भरले, ते काम असं मिळालं. तिनं मले काम मिळवून दिलं म्हणून ती मोठी, असं मी म्हणत नाही. तिले माझा आवाज ओळखता आला, कारण पंधरा वर्षांच्या असल्यापासून रात्र रात्र कानाजवळ तोच आवाज होता.

म्हणून म्हणते, ऑफिसात मैत्रिणी कर, जरूर कर, पण ग्रुपातल्या ह्या मैत्रिणी मोजू नको कमी. तुमच्या त्या सात पोरांचं मले आता बरंच माहीत झालं आहे. १३ जून २०१३ ले ते पहिल्यांदा आले, म्हणून दर वर्षी १३ जूनले तुम्ही नागपुरात केक कापता. त्यांच्या देशात पोरांले सैन्यात जाणं सक्तीचं आहे, मोठावाला २०२२ च्या डिसेंबरात गेला तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हती नीट, आणि जून २०२५ पर्यंत सगळे सुटून आले. त्या मधल्या वर्षांत तुझं काय काय झालं ते आठव जरा. पहिली नोकरी, ती मॅनेजरची कटकट, आणि डेंग्यू. मी बसनं नागपूरले पोचेपर्यंत तुझ्याजवळ कोण होतं? ती वर्ध्याची पोरगी. मी तिले कधी पाहिलं पण नव्हतं. ती प्लेटलेटचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो मले पाठवायची, बाजूले लिहायची, काकू आज नारळपाणी पूर्ण पिली, काकू आज वरणभात मागितला. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्या सातातल्या एकाचं स्टीकर होतं. ते फोटो माझ्या मोबाईलात अजून आहेत, डिलीट केले नाही मी.

वयाचं म्हणशील तर आमच्या नाटकाले सत्तर वर्षांच्या आज्या पुढच्या रांगेत बसतात, कानाले मफलर बांधून, आणि खलनायकाले शिव्या घालतात. त्यांले कोणी म्हणत नाही का आजी आता शोभत नाही. काहून म्हणल? मग तुझ्या ऑफिसातल्या लोकांची तुले एवढी काहून भीती? टेबलावर नको ठेवू वाटलं तर, घरी ठेव, ते तुझं तू पाहा. पण ग्रुप सोडून गेली आणि चार वर्षांनी एखाद्या रात्री फोन कराची वेळ आली, तर नंबर राहते, बोलणं राहत नाही.

कामाचं पण ऐकून घे. नोटीस पिरियड पूर्ण कर, भांडण करून निघू नको, रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय नागपूर सोडू नको. पीएफ काढाचा नाही, मामा कितीही म्हणू दे. यूएएन नंबर तोच राहते, नव्या कंपनीत तोच द्याचा आणि जुना पैसा ट्रान्सफर करून घ्याचा. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागू शकते, आणि पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, ट्रान्सफर केलं तर ही वर्षं त्यात धरली जातात. आमच्या गटातल्या एका बाईच्या पोरानं दोन नोकऱ्यांचे पैसे काढून गाडी घेतली, आता विचारते का पेन्शनची वर्षं कुठं गेली.

पुण्याची रूम पाहताना भाडं थोडं जास्त पडलं तरी चालल, पण एक जण येऊन राहू शकल एवढी जागा पाहा. वर्ध्याच्या पोरीले म्हणा महाराष्ट्र एक्सप्रेस तिच्या गावावरूनच जाते, सुट्टीत बसाचं आणि याचं.

आणि यंदा आमचं नाटक जानेवारीत धरलं आहे, तारीख वडशाची मावशी कळवणार आहे. तू नव्या नोकरीत लगेच सुट्टी मागू नको, पण शनिवार आला तर ये, वर्ध्याच्या पोरीले पण घेऊन ये, आणि ती भंडाऱ्याची उंच पोरगी, तिले पण. खुर्चीची तिकिटं काढते तुमच्यासाठी, मी आणि तुझ्या मावश्या खालीच बसू. तांदळाचे आयते करते, वडाभात करते, गाद्या पुरतात. नवा तांदूळ भरडून आला आहे, एक कट्टा तुझ्यासाठी बांधून ठेवला, पत्ता पक्का झाला का पाठव, पार्सल करते.

तुझी आई