अक्कलदाढेनंतरचा पंधरवडा

सातारा,
गुरुवार

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलेस की, रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर पळायला गेले तर चालेल का. मी ‘नाही’ म्हणालो आणि तू गप्प झालीस. नुसत्या नकाराने तुझे समाधान होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज कारणांसह लिहायला बसलो आहे.

सोमवारी तुझी खालची अक्कलदाढ काढली, ती साधी उपटलेली नव्हे. ती हाडात आडवी रुतली होती. हिरडी कापून, थोडे हाड कोरून आणि दाढेचे दोन तुकडे करून ती बाहेर काढावी लागली, व वर तीन टाके घातले. त्या खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरली आहे, तेच आज तुझ्या उघड्या हाडावरचे एकमेव पांघरूण आहे. तिच्याच आधाराने आत नवे मांस धरते. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे आणि आत हाड भरून यायला काही महिने लागतात. ती गुठळी अकाली निसटली किंवा विरघळली, तर हाड आणि तिथल्या नसा उघड्या पडतात. दंतवैद्य त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्याचे दुखणे बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते, म्हणजे सूज उतरू लागून आपण बरे झालो असे वाटते, नेमके त्याच वेळी.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. 24 वर्षांचा असताना माझी डावीकडची दाढ काढली होती. दोन दिवस मी कसाबसा घरी बसलो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तालमीत गेलो. शंभर जोर मारले; जोर मारताना डोके खाली जाते, श्वास कोंडला जातो आणि दात आपोआप आवळले जातात, याचा मी विचारच केला नव्हता. दुपारी तोंडात रक्ताची चव आली. दुसऱ्या दिवशी कानापर्यंत अशी कळ जाऊ लागली की रात्रभर मी खोलीत येरझारा घालत होतो. शेवटी दंतवैद्यांनी खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या तेलाचे औषध लावलेली पट्टी भरली, तेव्हा कुठे झोप लागली. पट्टी बदलण्यासाठी पुढे कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. तीन दिवसांची घाई मला तीन आठवड्यांना पडली. (हे वाचून तू स्वतः तिथे लवंगेचे तेल लावू नकोस, ताज्या जखमेला ते झोंबते आणि इजाही करते.)

पळताना नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, आणि जखमेत ठणका सुरू होतो, प्रसंगी रक्तही येते. टेकडीच्या चढावर तू दात आवळतेस, हे मी तुझ्या फोटोंत पाहिले आहे. सकाळचे सूर्यनमस्कारही तूर्त नकोत, कारण त्यांत डोके वारंवार हृदयाच्या खाली जाते. आणखी एक सांगतो, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: वेदनाशामक गोळी घेऊन पळू नकोस. गोळीने दुखणे झाकले जाते, जखम भरत नाही. शिवाय पोट अर्धे रिकामे आणि अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की, आधी जेवण पूर्ववत होऊ दे, मग पळणे. तू म्हणालीस, ‘पेज पिते आहे, पोट भरते.’ पेजेने पोट भरते हे खरे, पण जखम भरायला प्रथिने लागतात आणि ती पेजेत फारशी नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. तुझ्या 52 किलोंना ती सुमारे 43 ग्रॅम होतात, आणि जखम भरत असताना त्याहून कमी तर नकोच. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे 8 ग्रॅम मिळतात. तेव्हा मेसच्या मावशींना सांगून मुगाची खिचडी अधिक डाळीची आणि आसट करून घे, घट्ट वरण मऊ भातात कालव, दही घे, उकडलेले अंडे कुस्करून खा, पनीर किसून वरणात टाक. आईने नाचणीचे पीठ दळून ठेवले आहे. रात्री ते ताकात भिजवून सकाळी आंबील शिजव आणि कोमट झाल्यावर चमच्याने घे. भुरके मारू नकोस. भुरक्याने, स्ट्रॉने आणि तुझ्या त्या पळण्याच्या बाटलीतून चोखून पाणी पिण्याने तोंडात ओढ निर्माण होते आणि गुठळी सैल होऊ शकते. पाणी पेल्यानेच पी. चिवडा, दाणे, तीळ आणि राजगिरा यांचे कण खड्ड्यात अडकतात, ते दोन आठवडे नकोत. आत्याने कंदी पेढे पाठवायला काढले होते, ते मी थांबवले आहेत. जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याने तोंड हलकेच खळबळून पाणी नुसते ओघळू दे, जोराने थुंकू नकोस.

या आठवड्यात रोज वीस मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे, तेही चक्कर येत नसेल तर. पुढच्या सोमवारी टाके निघतील. त्यानंतर पोळी-भाजी दुसऱ्या बाजूने नीट चावता येऊ लागली आणि दाखवून डॉक्टरांनी होकार दिला, म्हणजे सावकाश पळायला सुरुवात कर. चढ आणि वजने मात्र दोन आठवडे पुरे झाल्यावरच. सप्टेंबरातल्या साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनला अजून सहा आठवडे आहेत, आणि यवतेश्वरचा घाट कुठे जात नाही. पंधरा दिवसांच्या विश्रांतीने वर्षभराची कमाई वाया जात नाही. माझ्या तालमीतल्या मुलांचे हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तोंडाला घाण वास येऊ लागला, ताप आला, गिळणे अवघड झाले किंवा ओठाचा बधिरपणा गेला नाही, तर मला फोन करण्याआधी दवाखान्यात जा.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी पीठ घेऊन पुण्याला येतो आहे. आपण दोघे विद्यापीठाच्या आवारात झाडांच्या सावलीत वीस मिनिटे चालू. नेहमीचे बूट घालून तयार राहा.

तुझे,
बाबा