एमआरआयच्या इंजेक्शनआधी औषधाचे नाव आणि ईजीएफआर विचारा

संपादक महोदय,

दुर्मिळ मृदा धातूंची चर्चा खाणी, चुंबके आणि निर्यातबंदी यांच्याभोवतीच फिरते. आरोग्याचा विषय निघाला की ‘सगळे विषारी’ किंवा ‘काही होत नाही’ असे दोनच सूर ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत. लँथेनम, सिरियम, गॅडोलिनियम असे हे १७ धातू पेशीला किती अपाय करतात, ते धातू मोकळा आहे की बांधलेला आणि शरीरात कोणत्या वाटेने शिरला, यावर ठरते.

अपायाचे मूळ आकारात आहे. लँथेनमच्या आयनाची, म्हणजे विद्युतभारित अणूची, त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर, कॅल्शियमची १००; भार मात्र दोनाऐवजी तीन. गॅडोलिनियमही याच मापाच्या आसपास. त्यामुळे हे आयन पेशीच्या पडद्यातील कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियमच्या ये-जा करण्याच्या वाटा, अडवून धरतात. स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश कॅल्शियमवर चालत असल्याने मोकळा आयन रक्तात फिरणे धोक्याचेच.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे चित्र ठळक दिसावे म्हणून टोचायच्या औषधात, गॅडोलिनियम म्हणूनच सेंद्रिय रेणूत बांधून देतात. नेहमीची मात्रा दर किलो वजनाला ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिमोल, म्हणजे साधारण ९४० मिलिग्रॅम गॅडोलिनियम एका वेळी शिरेतून जाते. मूत्रपिंडे ठीक असतील तर दीड-दोन तासांत निम्मे रक्तातून निघते आणि दिवसभरात बहुतेक सगळे लघवीवाटे जाते. मूत्रपिंडे निकामी असतील तर निम्मे निघायलाच ३० तासांहून अधिक लागू शकतात. तेवढ्या वेळात शरीरातील जस्तासारखे धातू गॅडोलिनियमची जागा घेतात आणि ते सुटे होते. लांबट, म्हणजे लिनियर रेणूतून ते लवकर निसटते. मॅक्रोसायक्लिक रेणू त्याला पिंजऱ्यासारखा चहूबाजूंनी धरून ठेवतो. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस या आजाराचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये उघड झाला. त्यात कातडी जाड व टणक होते, सांधे आखडतात, आणि खात्रीचा इलाज नाही. युरोपने २०१७ मध्ये शिरेतून द्यायची अनेक लिनियर औषधे थांबवली आणि काही फक्त यकृताच्या तपासणीपुरती ठेवली.

रुग्णाने दोन गोष्टी विचाराव्यात: औषध कोणते आणि माझा ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा आकडा) किती? गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल ही मॅक्रोसायक्लिक, गॅडोडायमाइड लिनियर. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टशिवाय भागते का, हे आधी पाहावे. डायलिसिस चालू असेल तर एमआरआय ठरलेल्या डायलिसिसच्या थोडे आधी करून घ्यावा. मूत्रपिंडे चांगली असली तरी मेंदूत आणि हाडांत या धातूचा अंश उरतो, हे खरे. पण अशा रुग्णांत त्या अंशामुळे अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. गरजेची तपासणी त्या भीतीने टाळू नये, आणि ‘गॅडोलिनियम काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नये.

तोंडावाटे घेतलेल्या लँथेनमची गोष्ट वेगळी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना फॉस्फेट कमी करण्यासाठी लँथेनम कार्बोनेट देतात. ते आतड्यातच फॉस्फेटला धरते. रक्तात नगण्य जाते. चावून खायची गोळी जेवणाबरोबर पूर्ण बारीक चावूनच घ्यावी, अख्खी गिळल्यास आतड्यात अडथळा होऊ शकतो. पोटाच्या एक्स-रेत तिचे तुकडे पांढरे दिसतात, म्हणून तपासणीआधी ती चालू असल्याचे सांगावे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती धूळ. काच आणि भिंगांना पॉलिश करायची सिरियम ऑक्साइडची भुकटी श्वासातून खोल गेली की फुप्फुसातील मॅक्रोफेज पेशी तिचे कण गिळतात. अनेक दुर्मिळ मृदा ऑक्साइडचे कण लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशवीच्या, आम्लात, पीएच ४.५ ते ५ ला, थोडे विरघळतात. सुटलेले आयन फॉस्फेटला इतके घट्ट चिकटतात की लायसोसोमच्या पडद्यातील फॉस्फेटही ओढून घेतात. पडदा फाटतो, आतली एन्झाइम पेशीत सांडतात, दाह सुरू होतो. वर्षानुवर्षे हे चालले तर फुप्फुसात तंतू वाढू शकतात. पूर्वी कार्बन आर्क दिव्यांच्या धुरात काम करणाऱ्यांत असा न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, नोंदला गेला आहे. या धुळीला कापडी रुमाल पुरत नाही. भुकटी ओली ठेवूनच घासावे, सुकलेला थर झाडू किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा; मुखपट्टी कण गाळणारी आणि चेहऱ्याला घट्ट बसणारी हवी. या कामगारांच्या छातीच्या एक्स-रेत बारीक दाट ठिपके दिसले, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आणि भुकटीचे नाव सांगावे. हे धातू जड असल्याने नुसती साठलेली धूळही तशीच दिसते, आणि निदान चुकू शकते.

– एक वाचक