आमच्या नावानं बोललेलं खोटं पकडून दिल्याबद्दल

कॅथरीन गन यांना,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही आणि ती व्हावी असं काही कारणही नाही. मी ब्रिटनमध्ये राहणारा एक मराठी माणूस, इथला मतदार आणि करदाता. २००३ साली तुम्ही जे केलंत त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. हे पत्र आभाराचं असलं तरी त्यात राग पुष्कळ आहे. तो कुणावर आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मराठीत लिहितोय, कारण मला रागावता येतं ते मराठीतच. शिवाय ज्यांनी तुमचं नाव कधी ऐकलं नाही अशा वाचकांपर्यंत ते पोचावं अशीही इच्छा आहे. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी इथे पुन्हा येतील, त्या गोड मानून घ्या.

तर वाचकहो, या बाई चेल्टनहॅमच्या जीसीएचक्यूमध्ये, म्हणजे जगभरची संभाषणं चोरून ऐकणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यात, चिनी भाषेच्या अनुवादक होत्या. ३१ जानेवारी २००३ रोजी त्यांच्यासह तिथल्या अनेकांना एक ईमेल आली. पाठवणारा होता अमेरिकेच्या एनएसएमधला, म्हणजे तिथल्या अशाच चोरून ऐकणाऱ्या खात्यातला, फ्रँक कोझा नावाचा अधिकारी. त्यात अंगोला, कॅमेरून, चिली, बल्गेरिया आणि गिनी ही नावं होती, आणि पाकिस्तानकडे जरा जास्तच लक्ष द्या असं सुचवलं होतं. हे सगळे देश तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बसलेले. इराकवर हल्ला करायची परवानगी देणारा ठराव मंजूर व्हायला पंधरापैकी नऊ मतं लागणार होती आणि ती जमत नव्हती. म्हणून या देशांचे प्रतिनिधी काय बोलतात, कुणाशी बोलतात, कुठे अडून बसतात, हे ऐकायचं होतं. नुसते कचेरीतले फोन नाहीत, घरचेसुद्धा. आणि त्या कामाला ब्रिटननं हातभार लावावा, अशी विनंती होती.

बल्गेरियाचं मला विशेष वाटतं. तो देश आधीच अमेरिका-ब्रिटनच्या बाजूनं उभा होता! म्हणजे विरोधकाचं ऐकायचं, कुंपणावरच्याचं ऐकायचं, आणि आपल्या माणसाचंही ऐकायचं.

तुम्ही ती ईमेल छापून घेतलीत आणि एका ओळखीच्या व्यक्तीकडे दिलीत. २ मार्चला ती 'ऑब्झर्व्हर'च्या पहिल्या पानावर आली. या वर्तमानपत्रानं तोवर अग्रलेखांतून युद्धाची बाजू घेतली होती, तरी बातमी दाबली नाही, हे नोंदवायला हवं. पुढे जे झालं त्यावर हसावं की रडावं ते कळत नाही. वर्तमानपत्राच्या कार्यालयातल्या कुणीतरी सवयीनं मजकुरातली अमेरिकी स्पेलिंगं ब्रिटिश करून टाकली. झालं! अमेरिकेत लगेच ओरड झाली की अमेरिकी अधिकारी असं लिहीलच कसा, कागद बनावट आहे. ज्या वाहिन्या वार्ताहरांना मुलाखतीला बोलावत होत्या त्यांनी पाठ फिरवली. एका अक्षराची शहानिशा करायला लोकांकडे वेळ होता. युद्धाच्या कारणांची शहानिशा करायला मात्र नव्हता.

आता मी तुमचा नेमका कशासाठी ऋणी आहे ते सांगतो.

इराक युद्धाबद्दल ब्रिटनमध्ये एक सोयीस्कर गोष्ट रुजली आहे. ती अशी, की गुप्तचरांची माहिती चुकीची निघाली, पंतप्रधानांनी तिच्यावर प्रामाणिकपणे विश्वास ठेवला, सगळ्या जगालाच तसं वाटत होतं, चूक कुणाच्याही हातून होते. या गुप्तचर माहितीची चौकशी करणाऱ्या बटलर समितीचा २००४ च्या जुलैमधला अहवाल वाचा. त्या माहितीवर तिला पेलणार नाही इतका भार टाकला गेला, असं त्यात म्हटलं आहे, पण बोट मात्र कुणा एकाकडे दाखवलेलं नाही. सरकारी भाषेत सगळी वाक्यं कर्मणी प्रयोगात असतात. भार 'टाकला गेला'. कुणी टाकला?

तुमच्या कागदानं ही गोष्ट माझ्यापुरती तरी मोडीत काढली. कारण त्या कागदात सद्दामचा, त्याच्या शस्त्रांचा काहीच विषय नव्हता. विषय होता चिलीच्या राजदूताचा फोन. ज्याच्याकडे खरा पुरावा असतो तो पुरावा पुढे ठेवतो आणि मत मागतो. समोरच्याच्या घरातलं बोलणं ऐकून मत कसं फिरवता येईल ते शोधणाऱ्याला स्वतःचा पुरावा पुरेसा नाही हे ठाऊक असतं. माहिती चुकली असं म्हणायला एक वेळ जागा आहे. पण 'चुकून' सहा देशांचे फोन ऐकायची विनंती पाठवली, असं म्हणायला जागा नाही. ती ठरवून केलेली गोष्ट होती.

तारखेकडेही बघा. ज्या ३१ जानेवारीला कोझाची ईमेल निघाली, त्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये बुश आणि ब्लेअर भेटत होते. त्या बैठकीचं टिपण पुढे उघड झालं. बॉम्बवर्षाव सुरू करायला १० मार्च ही तारीख पेन्सिलनं लिहून ठेवली आहे, असं बुश तिथे म्हणाले होते. आणि आम्हाला, म्हणजे मतदारांना, सांगितलं जात होतं की निर्णय झालेला नाही, संयुक्त राष्ट्रांच्या हान्स ब्लिक्स यांचे शस्त्रनिरीक्षक इराकमध्ये काय शोधतात त्यावर सगळं अवलंबून आहे. पंधरा दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, लंडनच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. त्या गर्दीत मीही होतो. आपण एक निर्णय बदलायला आलोय असं आम्हाला वाटत होतं.

खोटं बोलायची एक पद्धत अशी की तोंड उघडायचंच नाही. २४ सप्टेंबर २००२ च्या सरकारी दस्तऐवजात लिहिलं होतं की इराक ४५ मिनिटांत रासायनिक वा जैविक शस्त्रं वापरायला सज्ज होऊ शकतो. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ असा लावला की सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांपर्यंत मारा होईल. मुळात ती माहिती रणांगणावर वापरायच्या छोट्या पल्ल्याच्या शस्त्रांबद्दल होती. संरक्षणमंत्री जेफ हून यांना हा फरक माहीत होता, आणि तरी त्यांनी मथळे दुरुस्त करायला लावले नाहीत. पंतप्रधान ब्लेअर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये संसदेत सांगितलं की युद्धाच्या मतदानावेळी आपल्याला हा फरक ठाऊक नव्हता. म्हणजे ज्या वाक्यानं अख्ख्या देशाला घाबरवलं, त्याचा अर्थ काय हे सैन्य पाठवणाऱ्या माणसानं विचारलंही नाही! हे खरं मानलं तरी भयंकर, आणि खोटं मानलं तरी.

मग आला कायद्याचा प्रश्न. ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ रोजी पंतप्रधानांना दिलेला सल्ला तेरा पानांचा आणि शंकांनी भरलेला होता. संयुक्त राष्ट्रांकडून दुसरा ठराव, म्हणजे हल्ल्याला परवानगी देणारा तो ठराव, मिळवणं सर्वांत सुरक्षित, असं त्यात होतं. १७ मार्चला संसदेपुढे त्यांचं जे उत्तर आलं ते जेमतेम पानभराचं, आणि त्यात शंकेचा मागमूस नाही. त्याच दिवशी रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. परराष्ट्र खात्यातल्या कायदेविषयक उपसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनीही नोकरी सोडली. त्यांचं राजीनाम्याचं पत्र सरकारनं नंतर प्रसिद्ध केलं, तेही त्यातला एक परिच्छेद काळा करून. तो परिच्छेद उघडा पडला तेव्हा कळलं की खात्याचं मत काय होतं आणि ॲटर्नी जनरलांचं मत कसं बदलत गेलं, हेच त्यात लिहिलं होतं. १८ मार्चला संसदेनं ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला होकार दिला. दुसरा ठराव तोवर मागे घेतला गेला होता, आणि दोष फ्रान्सच्या नकाराधिकारावर ढकलून सगळे मोकळे झाले होते. नऊ मतं कधी जमलीच नाहीत, हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. ज्या देशांवर पाळत ठेवायची होती त्यांतले बहुतेक शेवटपर्यंत बधले नाहीत. त्यांच्यावर तेव्हा किती दबाव असेल, याचा अंदाज मला तुमच्या कागदामुळे आला.

बातमी छापून आल्यावर तुमच्या खात्यात चौकशी सुरू झाली. संशय सहकाऱ्यांवर जात होता. तुम्ही स्वतःहून वरिष्ठांना सांगितलंत की हे मी केलं. तुमच्याबद्दल वाचताना मी या जागी नेहमी थांबतो. कागद बाहेर देताना माणूस आवेशात असू शकतो. पण दुसऱ्याच्या मानेवर सुरी फिरतेय हे बघून आपली मान पुढे करायची, त्याला आवेश पुरत नाही. त्या काळात सरकारात असं वागणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे मोठं पद, नाव, ओळखी होत्या. तुम्ही तिशीच्या आतल्या एक अनुवादक.

आठ महिने टांगती तलवार ठेवून नोव्हेंबर २००३ मध्ये तुमच्यावर १९८९ च्या सरकारी गोपनीयता कायद्याखाली आरोप ठेवला. हा कायदा असा का आहे त्याचीही एक कथा आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात बुडवलेल्या 'बेल्ग्रानो' या अर्जेंटिनी युद्धनौकेबद्दल सरकार संसदेची दिशाभूल करतंय, हे दाखवणारे कागद क्लाइव्ह पॉन्टिंग या अधिकाऱ्यानं एका खासदाराला दिले. न्यायाधीशांनी ज्यूरीला जवळजवळ सांगितलंच होतं की याला दोषी ठरवा. ज्यूरीनं १९८५ मध्ये त्याला सोडून दिलं. यावर सरकारनं काय करावं? खोटं बोलणं बंद करावं, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. सरकारनं कायदाच बदलला, आणि 'मी हे लोकहितासाठी केलं' म्हणायची वाटच राहणार नाही अशी तजवीज केली. (भारतातला १९२३ चा गोपनीयता कायदाही याच घराण्यातला. साहेब गेला, कपाटाची किल्ली ठेवून गेला.)

म्हणून तुमच्या वकिलांनी वेगळी वाट धरली: बेकायदा युद्धात जाणारे जीव वाचवण्यासाठी हे करणं भाग होतं. आणि युद्ध कायदेशीर होतं का, यावर ॲटर्नी जनरलांनी दिलेला संपूर्ण सल्ला दाखवा, अशी मागणी केली. २५ फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला आणि अर्ध्या तासाच्या आत सरकारी पक्षानं सांगितलं की आम्ही पुरावा सादर करणार नाही. ज्या बाईनं कागद आपणच बाहेर दिल्याचं कबूल केलं होतं, तिच्याविरुद्ध पुरावा नाही! तो सल्ला लोकांसमोर यायला त्यानंतरही एप्रिल २००५ उजाडावा लागला. तुम्ही सुटलात याचा आनंद झाला, पण तो खटला चालायला हवा होता असं मला आजही वाटतं. त्या पिंजऱ्यात आरोपी म्हणून तुम्ही उभ्या असतात, तरी उलटतपासणी दुसऱ्याच कुणाची झाली असती. बहुधा म्हणूनच तो चालला नाही.

लोक मला विचारतात, शेवटी काय साधलं? युद्ध झालंच की. हो, झालं. इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा २६ लाख शब्दांचा अहवाल जुलै २०१६ मध्ये आला, तेव्हा त्यात म्हटलं होतं की शांततेचे मार्ग संपण्याआधीच हे युद्ध केलं गेलं. ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच बुश यांना लिहिलं होतं की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर आहे, ते पत्रही त्याच अहवालाबरोबर बाहेर आलं. ब्रिटनचे १७९ सैनिक गेले. जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी गेले, बहुधा याहून बरेच जास्त, आणि त्यांत बहुतेक सामान्य नागरिक. दहा लाखांहून अधिक लोकांची घरं सुटली. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. शिक्षा कुणालाच झाली नाही. नोकरी गेली ती तुमची. ब्लेअर यांना २०२२ च्या नववर्षाला 'सर' ही पदवी मिळाली.

पण 'काय साधलं' विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, की अनुवादकानं युद्ध थांबवायचं हे कुठल्या राज्यघटनेत लिहिलंय? ते काम ज्या ४१२ जणांचं होतं त्यांना हा प्रश्न का नाही विचारत? मतदानाच्या सोळा दिवस आधी बातमी छापून आली होती. ती वाचूनही ज्यांनी हात वर केला, त्यांना आता 'आम्हाला अंधारात ठेवलं' असं म्हणता येत नाही. त्यांच्या हातातली ही सबब तुम्ही काढून घेतलीत. माझ्या तत्कालीन खासदारानं ती तरीही वापरली, छापील उत्तरात, खाली छापील सहीसुद्धा होती.

आभाराबरोबर एक कामाची गोष्टही कळवतो. २०२० मध्ये इंग्लंडच्या विधी आयोगानं शिफारस केली की गोपनीय माहिती उघड करणाऱ्याला लोकहिताचा बचाव मांडता यायला हवा. त्यानंतर २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, त्यात तो बचाव घातला नाही. म्हणजे उद्या कुणाच्या संगणकावर तशीच ईमेल आली, तर त्या व्यक्तीपुढे २००३ मध्ये तुमच्यापुढे होता तोच कायदा असेल. आताच्या खासदारांना मी यावर लिहिलं आहे. उत्तर आलं नाही तर त्यांच्या मतदारभेटीच्या वेळेत जाऊन बसणार आहे, हे पत्र बरोबर घेऊन. मराठी त्यांना येत नाही, पण वाचून दाखवायची माझी तयारी आहे.

तुमचे मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मतदार